मुक्काम अलीकडे, काम पलीकडे



पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या एका बचत गटाची मासिक बैठक होती. हप्ते जमा झाले, व्याज लिहून झालं आणि शेवटी कर्जमागणीचा विषय आला. एका ताईंनी 1 लाख 20 हजार रुपये मागितले. एवढी मोठी मागणी त्या गटात कधीच आली नव्हती. गटाकडे शिल्लक होती 34 हजार. म्हणजे उरलेल्या पैशांसाठी ग्रामसंघाकडे जावं लागणार आणि त्या कर्जाला दहाही जणी जबाबदार राहणार.

कारण विचारलं. ताईंचा मुलगा आयटीआय झालेला, 23 वर्षांचा. त्याला एक एजंट भेटला होता. एजंटाचं म्हणणं असं : राहायचं मलेशियात, जोहोर बाहरू नावाच्या शहरात, कारण तिथे खोली स्वस्त मिळते. काम करायचं सिंगापुरात, कारण तिथे पगार जास्त. मधे फक्त एक पूल. मलेशियाला जायला भारतीयांना आता व्हिसा लागत नाही. बाकीचे कागद तिथे गेल्यावर होतात.

ताई म्हणाल्या, "आपली पोरां रोज पत्रादेवी ओलांडून गोंयात कामाक जातत नाय? तसाच ता."

खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हां कुणाकडेच त्यावर उत्तर नव्हतं. नाही म्हणावं, तर पोराची संधी घालवल्याचा बोल लागणार. हो म्हणावं, तर दहा घरांचे पैसे अडकणार. म्हणून निर्णय पुढच्या बैठकीवर टाकला आणि मधल्या दिवसांत माहिती काढली. सरकारी संकेतस्थळं पाहिली, परदेशात काम करून आलेल्या लोकांना विचारलं. त्यातून जे समजलं, ते आज तुमच्यासमोर मांडतो.

पत्रादेवी आणि देशाची सीमा

आधी ताईंच्याच बोलण्याकडे येऊ, कारण ते चुकीचं असलं तरी अगदी साहजिक होतं. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीकडची कितीतरी मुलं-मुली सकाळी दुचाकीवर बसतात आणि डिचोली, म्हापसा, मोपाकडे कामाला जातात. संध्याकाळी घरी येतात. वाटेत राज्य बदलतं, पेट्रोलचा भाव बदलतो, पण "तू इथे काम का करतोस" असं कुणी विचारत नाही. कारण दोन्ही बाजूंना देश एकच आहे. भारतात कुठेही जाण्याचा, राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क आपल्याला राज्यघटनेने दिला आहे.

देशाची सीमा आली की हा हक्क तिथेच थांबतो. पलीकडचा देश आपल्याला तीन वेगवेगळ्या गोष्टींची परवानगी देतो किंवा नाकारतो. आत येण्याची, मुक्काम करण्याची आणि काम करण्याची. एक मिळाली म्हणजे बाकीच्या दोन आपोआप मिळत नाहीत. गावच्या जत्रेला आलेल्या पाहुण्याला आपण जेवायला वाढतो, पण तो काही गावच्या रेशनकार्डात नाव घालून घेत नाही. तसंच हे.

मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली, ही गोष्ट खरी. पण तो प्रवेश 30 दिवसांचा आहे आणि फिरायला, पाहुणा म्हणून येणाऱ्यांसाठी आहे. त्यावर मलेशियात नोकरी करता येत नाही. तिथे कायमची खोली घेऊन दुसऱ्या देशात रोज कामाला जाण्यासाठी तर तो नाहीच नाही. "व्हिसा लागत नाही" आणि "कामाची परवानगी लागत नाही" ही दोन वाक्यं कानाला सारखी लागतात. एजंट लोक नेमका त्याचाच फायदा घेतात.

पुलावरून रोज जाणारी माणसं कोण?

जोहोर बाहरू आणि सिंगापूर यांच्यामधला तो पूल खरा आहे. 1924 साली तो सुरू झाला आणि त्याची लांबी जेमतेम किलोमीटरभर आहे. रोज पहाटे लाखो माणसं त्यावरून सिंगापुरात जातात आणि रात्री परत येतात, हेही खरं. मग एजंट खोटं कुठे बोलला?

तो एवढंच बोलला नाही की, रोज कामासाठी ये-जा करणारी ती माणसं मुख्यतः मलेशियाचे नागरिक आहेत. त्यांचं घर त्यांच्या स्वतःच्या देशात आहे. तिथे राहायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. त्यांना एकच परवानगी हवी, सिंगापुरात काम करण्याची. आपल्या मुलाला मात्र दोन लागतील. मलेशियात राहण्याची वेगळी आणि सिंगापुरात काम करण्याची वेगळी. एजंटाने दोन्हींपैकी एकाचाही कागद दाखवला नव्हता.

सिंगापूरचा कामाचा परवाना कसा मिळतो, तेही समजून घेऊ. तो कामगाराला स्वतः अर्ज करून मिळत नाही. मालकाने किंवा मालकाच्या वतीने तिथल्या परवानाधारक एजन्सीने तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे अर्ज करायचा असतो. मंजुरी मिळाली की एक पत्र निघतं. त्याला इन प्रिन्सिपल अप्रूव्हल म्हणतात, थोडक्यात आयपीए. त्यावर मालकाचं नाव, काम, पगार आणि पगारातून होणारी कपात लिहिलेली असते. हे पत्र कामगाराने देश सोडण्याआधी त्याच्या हातात असायला हवं. ते खरं आहे की नाही, हे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतं. म्हणजे "कागद तिथे गेल्यावर होतात" हे वाक्य सिंगापूरच्या बाबतीत बसतच नाही.

आणखी एक फरक. कोणत्या देशाच्या माणसाला कोणत्या क्षेत्रात कामाला घ्यायचं, हे सिंगापूर सरकार ठरवतं आणि वेळोवेळी बदलतं. मलेशियाच्या माणसाला खुली असलेली सगळी कामं भारतीयाला खुली नसतात. शिवाय परवान्यावरचा कामगार मलेशियाबाहेरच्या देशातला असेल, तर मालकाला त्याच्यामागे सरकारकडे 5,000 सिंगापूर डॉलरची हमी द्यावी लागते. मलेशियाच्या माणसासाठी ती लागत नाही. त्यामुळे "ते जातात तसे आपणही जाऊ" हा हिशेबच चुकतो.

परवान्याशिवाय काम करताना कुणी सापडलं, तर सिंगापूरच्या कायद्यात त्या कामगारालाच 20,000 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मालक सापडेल तेव्हा सापडेल. एजंट तर इथेच, आपल्या तालुक्यात असतो.

आणि ज्यांचे कागद अगदी चोख होते, त्यांचं काय झालं तेही ऐका. 18 मार्च 2020 रोजी करोनामुळे मलेशियाने सीमा बंद केली. आदल्या रात्रीपर्यंत रोज ये-जा करणारे कामगार घाईघाईने पलीकडे गेले आणि तिथेच अडकले. राहायला जागा नाही म्हणून काही जण सिंगापूरच्या क्रांजी स्टेशनाजवळ उघड्यावर झोपले. लस घेतलेल्यांना पूल पुन्हा मोकळा झाला तो 1 एप्रिल 2022 ला. घर एका देशात आणि भाकरी दुसऱ्या देशात, ही गोष्ट कागद असलेल्यांनाही इतकी जड जाते. मग कागद नसलेल्याचा त्या रात्री काय पाड लागला असता?

परवान्यावरचा पत्ता

मैत्रिणींनो, कामाच्या परवान्याला तीन गाठी असतात, असं लक्षात ठेवा. कोणासाठी काम, कोणतं काम आणि कुठे काम. यातली तिसरी गाठ आपण सहसा विचारतच नाही. पगार विचारतो, जेवण विचारतो, सुट्टी विचारतो. पत्ता विचारत नाही.

घरकामाला परदेशी जाणाऱ्या बायकांसाठी तर हा पत्ताच सगळ्यात मोलाचा. सिंगापुरात घरकाम करणाऱ्या बाईच्या परवान्यावर एक मालक आणि एका घराचा पत्ता असतो. तिने त्याच घरात राहायचं आणि त्याच पत्त्यावर काम करायचं. मालकाच्या दुकानात नाही, त्याच्या मित्राच्या घरी नाही. वयाचीही अट आहे, पहिल्यांदा जाताना 23 ते 50 मधलं, आणि किमान 8 वर्षं शाळा झालेली असावी लागते.

आखातात वेगळ्या नावाने हाच घोटाळा होतो. आपल्या कोकणात "आझाद व्हिसा" हा शब्द ठाऊक नसलेलं गाव विरळा. त्याचा अर्थ असा : व्हिसा एका माणसाच्या नावावर काढायचा, त्याला पैसे द्यायचे आणि काम दुसरीकडे कुठेही शोधायचं. नाव आझाद, पण माणूस पुरता बांधलेला. ज्याच्याकडे तो प्रत्यक्ष राबतो, त्याचं नाव कागदावर नाही. ज्याचं नाव कागदावर आहे, तो म्हणतो, हा माझ्याकडे कामाला नव्हताच. पगार थकला, हात मशीनमध्ये गेला, मालकाने मारलं, तर तक्रार कुणाविरुद्ध करायची?

म्हणूनच पत्ता ही नुसती औपचारिकता नाही. पत्ता म्हणजे जबाबदार कोण, याचं उत्तर. विमा त्या कामाला असतो, पगाराचा दावा त्या मालकावर असतो, आणि आपल्या दूतावासाला माणूस शोधायचा झाला तर शोध त्या पत्त्यापासून सुरू होतो.

आपल्या देशाचाही यात कायदा आहे, 1983 चा उत्प्रवास कायदा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर अशी नोंद येते. असा पासपोर्ट असलेल्याला सौदी, कुवेत, ओमान, कतार, बहरीन, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया, थायलंड अशा 18 देशांत कामाला जाण्याआधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. ती प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या अधिकाऱ्याकडून मिळते. मुंबईत त्यांचं कार्यालय आहे. ईसीआर पासपोर्टवर 30 वर्षांखालच्या बाईला या देशांत नोकरीसाठी ही मंजुरी मिळत नाही. आणि घरकामासाठी बायकांना पाठवायचं काम सरकारने ठरवून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फतच व्हावं, असा नियम आहे. तुमच्या गावात कुणी खासगी एजंट 25 वर्षांच्या, दहावी न झालेल्या मुलीला "कुवेतला घरकाम, फिरायच्या व्हिसावर पाठवतो" म्हणाला, तर त्याच्या एका वाक्यात किती नियम मोडले ते तुम्हीच मोजा.

घरून काम केलं तर?

आता दुसरी बाजू. बैठकीत एका तरुण सुनेने विचारलं, "हल्ली तर लोक लॅपटॉपवर कुठूनही काम करतात. मग पत्त्याला काय अर्थ राहिला?"

प्रश्न चांगला होता. उत्तर असं, की कंपनी कुठे आहे यापेक्षा काम करणाऱ्याचे पाय कुठे टेकलेत, हे कायदा आधी पाहतो.

आपल्यापैकी काहींची मुलं, पुतणे, जावई अमेरिकेत एच-1बी व्हिसावर आहेत. त्या व्हिसासाठी कंपनीला तिथल्या कामगार खात्याला आधी लिहून द्यावं लागतं की, हा माणूस अमुक गावात, अमुक ठिकाणी काम करेल आणि त्या भागात या कामाला चालू असलेल्या दरापेक्षा आम्ही त्याला कमी पगार देणार नाही. मोठ्या शहरातला दर वेगळा, लहान गावातला वेगळा. म्हणून ठिकाणाला महत्त्व. ही सूचना कामाच्या जागी दोन ठिकाणी 10 दिवस लावायची असते किंवा संगणकावरून कळवायची असते. घरून काम असेल, तर घर हीच कामाची जागा.

समजा, तो मुलगा त्याच भागात, रोज ऑफिसला येण्याजोग्या अंतरावर दुसरीकडे राहायला गेला आणि घरून काम करू लागला, तर नव्या जागी सूचना लावून भागतं. पण तो दूरच्या शहरात जाऊन तिथल्या घरातून काम करणार असेल, तर कंपनीला त्याआधी सुधारित अर्ज करावा लागतो. 2015 साली तिथल्या वरिष्ठ कार्यालयाने एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. काम तेच, पगार तोच, लॅपटॉप तोच, तरी पत्ता कळवला नाही म्हणून व्हिसा अडचणीत येऊ शकतो. तेव्हा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मी घर बदलतोय, आता घरूनच काम," तर एवढं जरूर विचारा, "कंपनीला नवा पत्ता सांगितलास ना?"

तोच मुलगा गणपतीला गावी आला आणि ओटीवर बसून दोन आठवडे कंपनीचं काम केलं, तर भारतात त्याला व्हिसा लागत नाही. तो भारताचा नागरिक आहे. कंपनीची परवानगी मात्र हवी. आणि मुक्काम लांबला, तर कराचा प्रश्न येतो. आर्थिक वर्षात साधारण 182 दिवस किंवा जास्त भारतात राहिलं, की आपलं आयकर खातं त्याला इथला रहिवासी धरतं.

युरोपातही हाच प्रश्न आला. स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया या शेजारच्या देशांतून सुमारे 4 लाख माणसं कामाला येतात. त्यांच्यासाठी जी परमिट नावाचा वेगळा परवाना आहे. आठवड्यातून किमान एकदा आपल्या देशातल्या घरी परतणं ही त्याची अट. करोनानंतर ही माणसं दोन-तीन दिवस घरूनच काम करू लागली. मग भांडण उभं राहिलं, यांचा विमा आणि निवृत्तिवेतनाचा हप्ता कोणत्या देशात भरायचा? 1 जुलै 2023 पासून बऱ्याच देशांनी आपसांत करार केला. घरून केलेलं काम एकूण कामाच्या निम्म्याहून कमी असेल, तर हप्ता कंपनीच्या देशात भरता येतो. म्हणजे तिथे माणूस कोणत्या पत्त्यावर किती काम करतो, याचा हिशेब ठेवावा लागतो.

आता आपल्यातल्या आयांसाठी. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणाऱ्या बायका आता खेड्यांतही आहेत. तो व्हिसा पाहुणीचा असतो. आपल्या नातवंडाला सांभाळणं, घरात स्वयंपाक करणं, यात काही गैर नाही. पण शेजारच्या मराठी कुटुंबांना पैसे घेऊन डबे देणं, दुसऱ्याचं मूल पैसे घेऊन सांभाळणं, हे काम झालं, आणि पाहुणीच्या व्हिसावर ते चालत नाही. किती दिवस राहायचं, हेही पासपोर्टमधल्या व्हिसाच्या तारखेवर ठरत नाही. विमानतळावरचा अधिकारी मुक्कामाची जी शेवटची तारीख देतो, ती पाळायची.

आणि एक गोष्ट मुलींसाठी. तुम्ही आपल्या घरी बसून परदेशी कंपनीचं भाषांतराचं, हिशेबाचं किंवा शिकवणीचं काम करणार असाल, तर तुम्हांला कोणताही व्हिसा लागत नाही. मिळालेलं उत्पन्न इथे आयकरात दाखवायचं असतं, एवढंच. "घरबसल्या परदेशी काम, पण आधी व्हिसा फी भरा" असं कुणी म्हणालं, तर तिथेच फोन ठेवा.

संगणकाच्या कामाचा सापळा

ही गोष्ट सांगताना आम्हांला बरं वाटत नाही, पण सांगायला हवी. गेल्या काही वर्षांत कितीतरी भारतीय तरुणांना "थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीचं काम" असं सांगून नेलं गेलं. थायलंडनेही नोव्हेंबर 2023 पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला होता. त्यामुळे तिकीट काढलं की पोर निघालं. बँकॉकला उतरल्यावर त्यांना गाडीत घालून माय सोत या सीमेवरच्या गावी नेलं, आणि तिथून मोई नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावड्डी भागात. तिथे कुंपणाच्या आत कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीचं काम करून घेतलं गेलं. नकार दिला तर मार.

मार्च 2025 मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी अशा 500 हून अधिक लोकांना दोन दिवसांत परत आणलं. ते निघाले तेव्हा त्यांच्या हातातही काही ना काही कागद होताच. पण त्या कागदावर जो देश होता, तिथे काम नव्हतं. जिथे काम होतं, तिथला पत्ता कागदावर नव्हता. ताईंच्या मुलाला मिळालेलं काम असंच होतं, असं आम्ही म्हणत नाही. पण मुक्काम एका देशात आणि काम नदीपलीकडे किंवा पुलापलीकडे, असं कुणी म्हणालं, की कान टवकारायलाच हवेत.

कर्ज देण्याआधी

मग आमच्या गटांनी ठरवलं, की परदेशी नोकरीसाठी कर्जमागणी आली तर या गोष्टी विचारल्याशिवाय ठराव करायचा नाही. तुम्हीही इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा.

पहिली गोष्ट, मालकाचं नाव आणि कामाचा पत्ता. आणि राहण्याचा पत्ता वेगळा असेल तर तोही. दोन पत्ते दोन देशांतले असतील, तर दोन्ही देशांच्या परवानग्या दाखवा.

दुसरी, व्हिसाचा प्रकार. कागदावर काम किंवा नोकरी असं लिहिलंय, की पर्यटक, पाहुणा, व्हिजिट? शंका आली तर गावातल्या शिक्षकाकडून वाचून घ्या.

तिसरी, एजंटाचा नोंदणी क्रमांक. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याने भारत सरकारकडे नोंदणी करणं बंधनकारक आहे. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी असलेल्यांची यादी आहे. मुंबईच्या मोठ्या कंपनीचा मी गावातला माणूस, असं म्हणणाऱ्या पोट-एजंटाला कायद्यात जागा नाही.

चौथी, पैसे. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. लाखाची मागणी आली, तर वरचे पैसे कशाचे, ते लेखी मागा.

पाचवी, विमा. ईसीआर पासपोर्टवर मंजुरी घेऊन जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. 2 वर्षांसाठी 275 रुपये किंवा 3 वर्षांसाठी 375 रुपये हप्ता. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख रुपयांचं संरक्षण. इतक्या स्वस्त विम्याबद्दल एजंट बोलत नसेल, तर तो सरकारी वाटेने नेत नाहीये, हे समजा.

सहावी, पासपोर्ट, व्हिसा, करार आणि पत्ता यांची एक-एक झेरॉक्स आईकडे राहू द्या. माणूस अडचणीत आला, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद या संकेतस्थळावर घरच्यांना तक्रार नोंदवता येते. सरकारच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत क्रमांक आहे 1800 11 3090. दोन्हीकडे पहिला प्रश्न असतो, माणूस कुठे आहे? ते आईला सांगता यायला हवं.

मग ताईंचं काय झालं?

पुढच्या बैठकीआधी ताईंच्या मुलाने आमच्या सांगण्यावरून एजंटाकडे तीन गोष्टी मागितल्या. आयपीए पत्र, नोंदणी क्रमांक आणि मलेशियात राहण्याची परवानगी. आधी उत्तर आलं, "विश्वास नाही का?" मग आलं, "जागा भरली." नंतर फोन लागेनासा झाला. ते काम खरं होतं की खोटं, ते आम्ही सिद्ध करू शकत नाही. कागद आला नाही, म्हणून पैसे गेले नाहीत, एवढंच.

मुलगा मात्र चिडला. गटातल्या बायकांनी माझी संधी घालवली, असं दोन महिने सगळ्यांना सांगत होता. ताई बैठकीला यायच्या, पण गप्प बसायच्या. आम्हांलाही वाईट वाटत होतं, कारण त्याचं दुःख खोटं नव्हतं. आयटीआय होऊन रोज 70 किलोमीटर दुचाकी चालवायची आणि हातात जे पडतं, त्यात पेट्रोलच किती जातं, हे आम्हांलाही दिसतं. परदेशी जायची इच्छा चुकीची नाही. नीट वाटेने गेलेली कितीतरी मुलं आज घरं बांधतायत, बहिणींना शिकवतायत. गटाने कर्ज नाकारलेलं नाही, ते कागदासाठी थांबवलंय, असं आम्ही इतिवृत्तात मुद्दाम लिहिलं.

गेल्या आठवड्यात तो मुलगा स्वतः आमच्याकडे आला. मोबाईल पुढे केला. दुसऱ्या एका एजंटाची जाहिरात होती, ओमानमधल्या फिटरच्या कामाची. म्हणाला, "याचा नोंदणी क्रमांक दिलेला आहे. तो खरा आहे का, कसं बघायचं ते दाखवा."

आम्ही खुर्ची ओढली आणि त्याच्यासोबत बसलो. क्रमांक यादीत सापडला. आता तो मालकाचं नाव आणि कामाचा पत्ता मागवतोय. पत्ता आला की ताईंची मागणी पुन्हा बैठकीत येईल.